गायकवाड बाईंचा ळ

गायकवाड बाईंना कोणी हाताला धरून चालवलेलं खपत नसे. दिंद्रुडच्या बाजारात एखादा भला माणूस त्यांचा दंड धरून रस्ता ओलांडून द्यायला लागला, की त्या जागच्या जागी थांबत आणि वर्गातल्या आवाजात म्हणत, "मला ओढू नका. तुमचा कोपर द्या. तुमी पुढं चाला, मी मागं येते." माणूस ओशाळून कोपर पुढे करी. पुढच्या वेळी मात्र तो न सांगता कोपर देई. अर्ध्या गावाला बाईंनी असं वळण लावलं होतं.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. चाळिशीनंतर डोळ्यांच्या आजारानं त्यांची नजर कडेकडेनं कमी होत गेली आणि एके दिवशी संपली. तरी निवृत्त होईपर्यंत त्या शिकवत राहिल्या. फळ्यावर कसं लिहायचात, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मी सांगायची, पोरं लिहायची. पोरांची अक्षरं सुधारली. मला दिसत होतं तवर कोन सुधारत न्हवतं." यजमान लवकर गेलेले, मुलगा नांदेडला नोकरीला. आमच्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहत. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबल, टेबलावर लॅपटॉप. हा लॅपटॉप त्या सारख्या पुसत. धूळ दिसत नव्हती, पण बोटांना लागायची.

मी लग्न होऊन या गावात आले ती कॉम्प्युटरची बी.एस्सी. घेऊन. प्रमाणपत्र लग्नातल्या साड्यांसोबत पेटीत गेलं ते तिथंच राहिलं. ह्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. हंगामात दुकानातली बिलं काढायला मी बसायची, तेवढाच काय तो माझा कॉम्प्युटर. मुलं शाळेला जायला लागली तरी आपल्याला आणखी काही येतं, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे येतं की नाही, याची माझीच खात्री राहिली नव्हती.

एका दुपारी कुरिअरवाला बाईंचं पार्सल आमच्या दुकानात ठेवून गेला. ते द्यायला गेले, तर आतून कोणीतरी भांडत असल्याचा आवाज. एक आवाज बाईंचा, दुसरा बारीक आणि इतका भरभर, की जात्यातून दाणे उडावेत तसा. दारातून पाहिलं तर बाई एकट्याच लॅपटॉपपुढे.

"परळी! परळी म्हन! ळ!"

त्यांनी बटण दाबलं. लॅपटॉप शांतपणे म्हणाला, "परली."

"परली तुझ्या बापानं बघितली व्हती का?"

मी हसले. बाईंनी मान वळवली. "कोन?"

"मी मनीषा. खताच्या दुकानातली."

"ये. तुला कंप्युटर येतं म्हनं?"

"यायचं," मी म्हणाले.

"यायचं म्हंजी? पवायला यायचं, आसं कुनी म्हनतं का? येतं तर येतं, न्हाई तर न्हाई. बस."

मी बसले. ती दुपार मला अजून आठवते, कारण तेव्हापासून माझं बरंच काही बदललं. अंध माणसाला कॉम्प्युटर वापरता यावा म्हणून पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचणारी सोय असते. त्या सोयीला आवाज देणारा एक प्रोग्राम बाई वापरत. तो फुकट होता, इंटरनेट नसतानाही चालायचा आणि वाटेल तेवढ्या वेगानं वाचायचा. बाईंना वेग लागे. दृष्टी होती तेव्हा त्या आठवड्याला एक पुस्तक वाचत, आणि कानानं वाचायचं झालं तरी तेवढंच व्हायला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पण त्या आवाजाला मराठी नीट येत नव्हती. परळीची परली, बाळाचं बाल, विज्ञानाचं विग्यान. हिंदी येणाऱ्या पाहुण्यानं मराठी पेपर वाचावा तसं ते वाचायचं.

"ह्याला दुरुस्त कोन करतं?" बाईंनी विचारलं.

मी शोधलं. तो ओपन सोर्स प्रकल्प होता. म्हणजे प्रोग्रामच्या आतलं सगळं उघड ठेवलेलं, कोणीही पाहावं, कोणीही सुधारावं. जगभरातली माणसं आपापला वेळ देऊन तो सांभाळत होती. मुख्य सांभाळणारा यान नावाचा परदेशातला एक गृहस्थ. नवीन माणसांसाठी एक पान होतं, ते मी मराठीत सांगत गेले. पहिलंच वाक्य होतं, की इथं कोणीही येऊ शकतं.

"परत वाच," बाई म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"कोनीबी?"

"हो. कोणीही."

बाईंनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माझ्या आईला गावच्या आडात पोहरा टाकता येत न्हवता. वरून कुनी वतलं तर पानी. आन् ह्यांनी दारावरच लिवून ठिवलंय, कोनीबी या." त्यांनी बोटांच्या पेरांनी टेबलावर टकटक केलं. एखादी गोष्ट ठरली की त्या तसं करत. "मग कशाला बसून ऱ्हायलोय आपन? लिही."

पहिली तक्रार त्यांनी मराठीत सांगितली आणि मी इंग्रजीत लिहिली. माझा हात चालेना. जगातल्या एवढ्या हुशार माणसांत आपण कोण, आपलं इंग्रजी कसलं. बाईंना त्याचं काहीच नव्हतं. सुरुवातीला 'सप्रेम जय भीम' लिहायला लावलं. मी म्हणाले, बाई, त्यांना कळणार नाही. "तुला परक्याच्या घरी गेल्यावर राम राम घालायचं कळतं ना? मग." पुढे कुठले शब्द चुकतात, कसे चुकतात, कसे हवेत, हे क्रमानं. त्यांचा एक नियम होता, तो मी पुढे कितीतरी नव्या लोकांना सांगितला: चूक दाखवायची तर उदाहरण द्यायचं, आणि रागावायचं तर शब्दावर, माणसावर नाही. हा नियम सांगून झाल्यावर त्यांनी तो स्वतः कितीदा मोडला, ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी यानचं उत्तर आलं. त्यानं आभार मानले होते, ळ चा उच्चार नीट कळत नाही असं कबूल केलं होतं, आणि कोणी तो म्हणून रेकॉर्ड करून पाठवेल का, असं विचारलं होतं. बाईंचा चेहरा उजळला. "बघ. एवढ्या लांबच्या मानसानं चूक कबूल केली. आपल्या पंचायत समितीत तीस वर्सं घातली, कुनी केली न्हाई." मग गळा साफ करून त्यांनी मोबाइलमध्ये शाळेतल्यासारखं म्हटलं, "बाळ. काळा. फळा. शाळा. परळी." कोंबडा आरवला म्हणून एकदा परत घ्यावं लागलं.

सुधारणा करायची तर कोडमध्ये हात घालावा लागणार होता. याननं मला कुठल्या फाइलमध्ये काय बघायचं ते सांगितलं. मी रोज दुपारी स्वयंपाकाचं आवरून बाईंकडे जाऊ लागले. विसरलेलं हळूहळू परत यायला लागलं. ज्ञ चा नियम मी बदलला, ळ चा बदलला आणि भीत भीत पाठवून दिलं.

ते परत आलं. जवळजवळ प्रत्येक ओळीवर कोणाचा ना कोणाचा शेरा होता. मी ज्या फाइलमध्ये बदल केला ती हिंदीलाही लागू होती. याननं लिहिलं होतं, या बदलानं हिंदी लोकांना त्यांचा कॉम्प्युटर मराठीत बोलतोय असं वाटेल. मला इतकी लाज वाटली, की मी लॅपटॉप उघडायचा बंद केला आणि बाईंकडे जायचंही. दुकानात हिशेब आहे, पाहुणे आहेत, असं काहीबाही सांगत राहिले.

मग एका सकाळी बाईच आमच्या दारात उभ्या. हातात पांढरी काठी, एकट्या, अख्खी गल्ली मोजत आलेल्या. याआधी त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. का आल्या नव्हत्या, ते मला माहीत होतं. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, तोंडानं कोणाला वाईट बोलणाऱ्या नाहीत. पण मी बाईंकडे जायला लागले तेव्हा, "तिकडं लई जात जाऊ नको," एवढं त्या म्हणाल्या होत्याच.

बाई ओसरीत बसल्या. आत्याबाईंनी चहा आणला. घरातल्या कपांत नव्हे, दुकानातल्या गिऱ्हाइकांसाठी आणलेल्या कागदी कपात. बाईंनी कप हातात घेतला, अंगठ्यानं काठ चाचपला.

"कमलबाई, घरात लगीन हाय का काय? कागदाचे कप काढलेत."

आत्याबाई रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. मी जमिनीकडे बघत राहिले. बाईंनी चहा मात्र पूर्ण प्यायला, कप बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता तुझं. कावून येत न्हाईस?"

मी सांगितलं, की माझं सगळं चुकलं, त्यांनी परत पाठवलं.

"परत पाठवलं म्हंजी नापास केलं का? त्यानं वही तपासलीया. मी तीस वर्सं लाल पेन चालवला. ज्याच्या वहीत काई व्हन्यासारखं न्हाई, त्याच्या वहीवर नुसती सही करायची आन् सोडायचं. लाल कुठं जास्त आसतं? ज्याच्यासाठी बसावं वाटतं त्याच्या वहीत." मग हसू दाबत म्हणाल्या, "आन् हिंदीवाल्यांना द्न्यान ऐकू आलं तर काय बिघडलं? आमी इतकी वर्सं ग्यान ऐकलं की."

मी हसता हसता रडले. दुपारी गेले. यानच्या एकेका शेऱ्याला उत्तर लिहायला आठवडा लागला. मराठीची वेगळी फाइल करून पाठवली. ती मान्य झाली तेव्हा याननं लिहिलं होतं, 'प्रकल्पात स्वागत.' खाली माझं नाव होतं. माझ्या माहेरचं, प्रमाणपत्रावरचं नाव. बाईंनी ते मशिनकडून दोनदा वाचून घेतलं. मशिननं नावाचा उच्चार चुकीचा केला, पण त्या दिवशी बाईंनी त्याला माफ केलं.

खरी अडचण च ची होती. मराठीत च दोन. चाकाचा वेगळा, चाकूचा वेगळा. चार मधला वेगळा, चाऱ्यातला वेगळा. लिहिताना दोन्ही एकच, बोलताना मराठी माणूस कधी चुकत नाही, आणि मशिनला कधी कळत नाही. ज आणि झ चंही तसंच. यानला हे समजावताना आमची तारांबळ उडाली. नियम सांगा, तो म्हणे. पुरता नियम सापडेना. शेवटी ठरलं, की एकेक शब्द ऐकून मशिनला सांगायचं. बाई ऐकणार, मी लिहिणार. पण बाईंना एक शंका छळायची. आपण मास्तरीण, आपले उच्चार पुस्तकानं बदललेले असतील. "शाळेत न शिकलेला कान पायजे," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासूला आन."

मला वाटलं नव्हतं त्या येतील. पण मशिन मराठी चुकीचं बोलतं आणि त्याला शिकवायचं आहे, म्हटल्यावर आत्याबाईंना राहवेना. पहिल्या दिवशी त्या दाराशीच पायरीवर बसल्या. मशिन म्हणालं, "चाकू," आणि च चाकातला काढला.

"आसं कोन म्हनतं गं?" आत्याबाई दारातून ओरडल्या.

"काय म्हनायचं?" बाई आतून.

"चाकू! आन् ह्ये काय म्हनतंय, जसा काय चाकूला चाकं हायत."

दुसऱ्या दिवशी त्या आत येऊन बसल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी बाईंशी वाद घालू लागल्या. एका शब्दावरून दोघींचं इतकं पेटलं, की दोघींनी माझ्याकडे तोंड केलं. मी गल्लीत चार जणींना विचारून आले. त्या शब्दाला आत्याबाईंचा कान खरा निघाला, आणि बाई त्या दिवशी दिवसभर घुश्शात होत्या. त्यांना आपल्या कानाचा भारी गर्व. "ठीक हाय, एक शब्द तुमचा," असं म्हणताना आवाजात असं काही, जणू गावठाणातली जागाच सोडली. मग त्यांनी चहा केला. गॅसच्या शेगडीपासून टेबलापर्यंत त्या कोणाच्या मदतीशिवाय कप आणत. आत्याबाईंच्या पुढे ठेवला. आत्याबाईंनी उचलला आणि प्यायल्या. कोणी त्यावर काही बोललं नाही. पुढे महिनाभर रोज प्यायल्या. मग आमच्या घरी बाई आल्या, की कपाटातले कप निघू लागले, तेही कोणी न बोलता.

त्याच उन्हाळ्यात प्रकल्पाच्या चर्चेत एक बातमी आली. नवी आवृत्ती काढताना ज्या भाषांना सांभाळणारं कोणी नाही त्या मूळ प्रोग्राममधून काढायच्या, असा विचार चालला होता. त्या यादीत मराठी होती, कारण कधीकाळी ती घालणारा माणूस केव्हाच निघून गेलेला. शिवाय एका स्वयंसेवकानं सहज लिहिलं, की मराठी वाचणाऱ्यांना हिंदी आवाजावर भागवता येईल.

बाईंनी ते ऐकलं आणि काठी शोधायला लागल्या. उभं राहायला काठी लागायची नाही, पण राग आला की हातात हवी असायची. त्यांनी मला उत्तर सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. मी इंग्रजी करताना बऱ्यापैकी सौम्य केलं. बाईंना शाळेपुरतं इंग्रजी येई. त्यांनी पाठवायच्या आधी मशिनकडून वाचून घेतलं.

"मी एवढी गोड कवा झाले?"

मी उगाच टेबल पुसायला लागले.

"ऱ्हाऊ दे तुझं. पर खाली माझं नाव घालू नको. हे माझं बोलनं न्हाई."

माझ्या नावानं गेलं. त्या माणसानं दुसऱ्या दिवशी माफी मागितली. त्यानं लिहिलं की दोन भाषांत एवढं अंतर असेल हे त्याला माहीत नव्हतं. उलट तपासायला मदत करतो म्हणाला आणि केलीही. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "झालं तुझ्या गोडानं काम. पर चव माझी न्हवती."

मराठी ठेवायची तर तिची जबाबदारी कोणीतरी नावानिशी घ्यायला हवी होती, आणि ज्याला रोज ऐकावं लागतं अशा माणसानं नवा आवाज वापरून बघायला हवा होता. नावाचं मी पुढं ढकलत होते. वापरून बघायला बाईंनी कोमलचं नाव काढलं. कोमल ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, जन्मापासून अंध, लग्न न केलेली, सिरसाळ्यात आई-वडिलांजवळ राहून एम.ए. करत होती. तिला सगळा अभ्यास याच आवाजावर करावा लागे, कारण विकतचे आवाज तिला परवडत नव्हते. मराठी काढून टाकली असती, तर तिला इतिहासाची पुस्तकं कोणाकडून तरी वाचून घ्यावी लागली असती.

आम्ही दोघी एसटीनं सिरसाळ्याला गेलो. बाजाराचा दिवस, गाडीत उभं राहायला जागा नाही. कोणीतरी बाईंना जागा दिली, त्यांनी मला बसवलं, "मला उभं ऱ्हायला डोळे लागत न्हाईत," म्हणून. कोमलच्या घरी मी तिच्या जुन्या लॅपटॉपवर नवा आवाज घातला. बाई तिच्या शेजारी बसल्या, तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. कोमलनं पुस्तक उघडलं नाही. तिनं आपल्या गावाचं नाव टाइप केलं.

मशिन म्हणालं, "सिरसाळा."

कोमल थांबली. परत बटण दाबलं. "सिरसाळा." मग ती मोठ्यानं हसली आणि आईला हाक मारली, "आई, ये गं, आपलं गाव आलं बघ!" आईला काय आलं ते कळेना. कोमल पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिली. मग वडिलांचं नाव, मग तिच्या शाळेचं, मग काळवीट, वेरूळ, डाळिंब, जे सुचेल ते. जिथं चुकलं तिथं ती लगेच सांगायची आणि मी लिहून घ्यायची. बाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होत्या. मी कित्येकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही निघालो तेव्हा कोमल त्यांच्या पाया पडायला वाकू लागली, पण त्यांनी तिला अडवलं. "पाया पडू नको. रोज ऐक आन् चुकलं की कळव. तेवढंच."

परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "नाव तुझं घाल."

"बाई, तुमचं घालते. सगळं तुम्ही—"

"मी आज हाय, उद्या नांदेडला जाईन. जबाबदारीचं नाव अशाचं आसावं ज्याला उत्तर द्यायला वेळ हाय आन् ज्याला अजून शिकायचं हाय. मला शिकायचं न्हाई आता, मला वाचायचंय." पेरांनी समोरच्या सीटच्या दांडीवर टकटक केलं. ठरलं होतं.

त्या रविवारी मी माझं नाव दिलं. यानचं उत्तर दोन ओळींचं होतं, आणि पहिल्या ओळीत रोमन अक्षरांत लिहिलं होतं, 'जय भीम'. पहिल्या तक्रारीपासून आमच्या प्रत्येक संदेशाची सुरुवात तशी होत असल्यानं त्याला ती मराठीतली नमस्काराची रीत वाटली असावी. बाईंना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी उठून तसबिरीच्या खालची उदबत्ती नीट केली, जी नीटच होती. मग म्हणाल्या, "सांगू नको त्याला. बरोबरच हाय."

मराठी नव्या आवृत्तीत राहिली. अजून आहे. तिच्यात अजून चुका आहेत आणि दर महिन्याला कोणी ना कोणी त्या कळवतं: कोकणातून, नागपुराकडून, एकदा तर थेट इस्राएलमधून, एका मराठी आजोबांनी. मी उत्तर देते. गेल्या वर्षापासून पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी मी घरून कामही करते, अंध लोकांना कुठलं सॉफ्टवेअर कुठं अडतं ते तपासायचं. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, हे तुम्ही कुठं शिकलात? मी म्हणाले, आमच्या गल्लीत. त्यांना विनोद वाटला. पेटीतलं प्रमाणपत्र आता बाहेर आहे, पण मला त्याचा पूर्वीइतका उपयोग नाही.

बाईंच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मुलानं त्यांना नांदेडला न्यायचं ठरवलं. जायचं नव्हतं त्यांना. शेवटचे दोन-तीन दिवस त्या सगळ्यांवर चिडत होत्या, डब्यांवर, दोरीवर, मुलावर. नांदेडहून त्या फोन करत, मशिनच्या तक्रारी सांगत, आत्याबाईंशी भांडत. एका हिवाळ्यात त्यांचा फोन आला नाही. मग मुलाचा आला. प्रकल्पात मी ती बातमी लिहिली, आणि ज्यांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं अशा कितीतरी लोकांनी, कुठल्या कुठल्या देशांतून, त्यांच्याविषयी लिहिलं. एकानं लिहिलं, की चूक दाखवताना उदाहरण द्यायचं, हे मी यांच्याकडून शिकलो. आत्याबाईंना मी सगळं वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या, पदर तोंडाला लावून.

पण मला बाई दिसतात त्या दिंद्रुडच्या बसस्टँडवर, जायच्या दिवशी. मुलगा बॅगा घेऊन आधीच चढला होता आणि मागच्या सीटवर बसला होता. बाईंना खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक तरुण बाई होती, मांडीवर तान्हं मूल, आम्हाला अनोळखी. मी खाली खिडकीशी उभी होते.

"सर्दी न्हाई तर नाक ओढू नको," बाई वरून म्हणाल्या. "दुपारी लाइट जाती. त्याच्या आत ते झ चं करून टाक."

"हो बाई."

"कमलबाईला सांग, मी फोन करीन."

गाडी मागं यायला लागली. बाईंनी तोंड आत वळवलं. शेजारच्या बाईनं काहीतरी विचारलं असावं, कारण बाईंनी कानात घातलेल्या इअरफोनच्या दोन तारांपैकी एक काढून तिच्या हातात दिली. तिनं मूल एका हातावर घेतलं, तार कानात घातली, क्षणभर ऐकलं आणि हसली. गाडी रस्त्याला लागली तेव्हा त्या दोघी एकमेकींकडे झुकून ऐकत होत्या. बाईंचे ओठ हलत होते. मोबाइलवर आपलं मशिन काय वाचतंय, ते त्या तिला समजावून सांगत होत्या.